हरवलेला दुभाषी : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना

कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, ज्ञानभांडारांतील पोथ्या बाहेर काढण्याचा प्रघात फार जुना आहे. वेष्टने सोडायची, वर्षभराची धूळ अलगद पुसायची, पावसाळ्यात शिरलेली ओल जावी म्हणून पाने हवेवर ठेवायची आणि जीर्ण झालेल्या पोथीची नवी प्रत करवून घ्यायची. पाटण, खंभात, जेसलमेर येथील भांडारांतील ग्रंथ शतकानुशतके टिकले, त्यामागे अशी नित्याची देखभाल आहे. वस्तू जुनी झाली एवढ्याने तिचा उपयोग संपत नाही, हे या आचारात गृहीतच धरलेले आहे.

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा आधार थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी आणखी एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, सवलत मिळाली. पण ती नोंदणी करणाऱ्यांपुरती. विंडोज ११ घ्यावी तर तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा हवा. जळगावात किंवा धुळ्यात २०१५ साली मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या निमित्ताने घेतलेला लॅपटॉप या चाळणीतून खाली पडतो. त्याचा पडदा स्वच्छ असतो, कळफलक चालू असतो, फक्त तो ‘अपात्र’ ठरतो. मग घरात दोन मते पडतात. वडीलधारे म्हणतात, चालते यंत्र भंगारात का द्यायचे? आणि मुलगा कुठून तरी एक पेन ड्राइव्ह आणून म्हणतो, यावर लिनक्स बसवू.

लिनक्स बसते. अर्ध्या तासात नवा पडदा उजळतो, आणि मग लक्षात येते की वाय-फाय दिसत नाही, ध्वनी उमटत नाही, दुकानातला प्रिंटर हाकेला ओ देत नाही. इथे बहुतेक घरांचा धीर सुटतो. ‘लिनक्स आपल्या लॅपटॉपला चालत नाही’ असा निकाल लागतो आणि यंत्र पुन्हा कपाटात जाते. हा निकाल बहुधा घाईचा असतो. अशा वेळी प्रणाली बिघडलेली नसते आणि यंत्रही बिघडलेले नसते. दोघांच्या मधला दुभाषी हजर नसतो.

खानदेशाला दुभाष्याचे मोल सांगावे लागत नाही. शेतकरी अहिराणीत बोलतो, पेढीवरचे हिशेब पूर्वी मारवाडी वळणाने लिहिले जात, सुरतेचा व्यापारी गुजरातीत भाव सांगतो आणि सरकारी कागद मराठीत येतो. मध्ये जाणता मुनीम असला की व्यवहार अडत नाही. लॅपटॉपमध्ये वाय-फायची चिप, ध्वनीची चिप, कॅमेरा, टचपॅड या प्रत्येकाची आपापली बोली असते. प्रणालीच्या गाभ्याला, ज्याला कर्नेल म्हणतात त्याला, ती बोली समजावून सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी हा दुभाषी चिप बनवणारी कंपनी स्वतः पाठवते. लिनक्ससाठी काही कंपन्या पाठवतात, काही उशिरा पाठवतात, आणि काहींच्या बाबतीत जगभरातील स्वयंसेवकांना ती बोली ऐकून ऐकून शिकावी लागते.

मुक्त संगणक-प्रणालीच्या साऱ्या चळवळीचा उगमच एका ड्रायव्हरच्या अडचणीत आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की संबंधितांच्या पडद्यावर सूचना यावी, अशी सोय तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरने करून ठेवली होती. नव्या प्रिंटरसाठी तीच सोय करायची तर त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, हवा होता. तो ज्या संशोधकाकडे होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. कागद अडकत राहिला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. ज्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, सुधारता व वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभी करण्याचा तो संकल्प होता.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याने एक कबुलीही दिली होती : आपल्या संगणकात ज्या प्रकारची हार्ड डिस्क आहे तेवढीच ही प्रणाली ओळखते, कारण आपल्याजवळ दुसरी नाही. ड्रायव्हरचा सारा प्रश्न या कबुलीत सामावला आहे. ज्याच्या हातात यंत्र असते तोच त्याचा दुभाषी लिहू शकतो. पुढे हजारो हातांत हजारो यंत्रे आली आणि लिनक्सला येणाऱ्या बोली वाढत गेल्या. लिनक्सच्या मूळ मजकुरातील प्रत्येक बदलासोबत तो कोणी केला आणि कधी केला याची नोंद राहते. जैन हस्तलिखितांच्या शेवटी पुष्पिकेत पोथी कोणी लिहिली, कोणी लिहवून घेतली, कोणत्या संवतात, हे जसे नोंदलेले असते तसेच काहीसे. ग्रंथाच्या प्रती करवून त्या वाटणे याला आपल्याकडे शास्त्रदान म्हणतात. या परंपरेत वाढलेल्या वाचकाला मुक्त प्रणालीचा व्यवहार परका वाटू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिले काम लिनक्सचे नाहीच, ते कागदपत्रांचे आहे. लॅपटॉपमधील फोटो, हिशेब, प्रमाणपत्रे, परदेशी असलेल्या लेकीचे जुने व्हिडिओ हे सर्व बाहेरच्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून, फाइली खरोखर उघडतात का ते पाहावे. यंत्रात बिटलॉकर हे कुलूप असेल तर त्याची अठ्ठेचाळीस अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. बायॉसमधील एखादी मांडणी बदलली की विंडोज ही किल्ली मागते, आणि ती नसेल तर आतला मजकूर कायमचा गेला असे समजावे. वाय-फाय आज ना उद्या सुरू होते; पुसला गेलेला घरचा ठेवा परत येत नाही.

दुसरे काम परीक्षेचे. उबुंटू, मिंट, डेबियन या लिनक्सच्या प्रचलित वाणांना, आणि आपल्या सी-डॅकने २००७ साली प्रथम आणलेल्या ‘बॉस’ या भारतीय वाणालाही, थेट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘ट्राय’ निवडले की डिस्कला हात न लावता प्रणाली सुरू होते. या अवस्थेत तासभर काढावा. वाय-फाय जोडावे, गाणे लावावे, कॅमेरा उघडावा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करावा, ब्लूटूथ पाहावे, झाकण मिटून पुन्हा उघडावे. जे इथे चालते ते बहुधा बसवल्यावरही चालते, आणि जे अडते त्याची यादी आधीच हाती येते. मुलीचा सोयरा घराची चौकशी केल्यावाचून ठरवत नाहीत. प्रणालीही तशीच ठरवावी.

यंत्र ३२-बिट प्रोसेसरचे असेल तर मात्र वाट अरुंद झाली आहे. उबुंटूने त्यांच्यासाठी बसवण्याची प्रत देणे काही वर्षांपूर्वीच थांबवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ती नाही. इतक्या जुन्या यंत्रावर नव्याने कष्ट घेण्यापेक्षा त्याला सन्मानाने निरोप देणे बरे.

तक्रार ड्रायव्हरची आहे की यंत्राच्या देहाची, हे ठरवण्याआधी कोणतीही आज्ञा टंकू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतची हवा गृहीत धरून यंत्र घडवतात. त्यात जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारे कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत नमद्यासारखे जमतात. असा लॅपटॉप वीस मिनिटांत आपोआप बंद पडतो आणि दोष नव्या प्रणालीवर येतो. याची कसोटी सोपी आहे. यंत्र सुरू करताना बायॉसच्या पडद्यात शिरावे आणि तिथेच थांबावे. त्या पडद्यावर कोणतीही प्रणाली चालू नसते. तिथेही यंत्र तापून बंद पडले तर तो विंडोजचा दोष नाही आणि लिनक्सचाही नाही. पंखा साफ करून प्रोसेसरवरचा वाळलेला थर्मल पेस्ट बदलला की बहुतेकदा काम भागते. हे काम गोलाणी मार्केटमधील जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. घरी ब्लोअर मारण्याच्या उत्साहात पंख्याचे पाते तुटते.

टचपॅडचेही असेच. बाण पडद्यावर थरथरतो, आपोआप उड्या मारतो, आणि घरातला तरुण रात्रभर टचपॅडचा ड्रायव्हर शोधत बसतो. आधी चार्जर काढून पाहावा. बाण तत्काळ शांत झाला तर दोष अर्थिंगचा आहे. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून लावलेला असतो. अर्थ नसल्यामुळे यंत्राच्या अंगावर सूक्ष्म विद्युतभार राहतो आणि टचपॅड त्याला बोटाचा स्पर्श समजते. यावर उपाय इलेक्ट्रिशियनकडे आहे. आणि टचपॅड दाबले जात नसेल, ते वर उचललेले दिसत असेल, झाकण नीट मिटत नसेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी यंत्र बंद करून चार्जिंग थांबवावे आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी. तिला टोचणे, दाबणे, उन्हात ठेवणे यातून आग लागते.

देह निरोगी ठरला की मग दुभाष्याचा शोध. वाय-फायपासून सुरुवात करावी, कारण ते नसेल तर पुढचे काहीच उतरवून घेता येत नाही. इथे एक युक्ती फार उपयोगी पडते आणि ती जवळजवळ कोणी वापरत नाही. मोबाइल फोन केबलने लॅपटॉपला जोडावा आणि फोनमधील यूएसबी टेदरिंग सुरू करावे. लिनक्स बहुतेक फोनना वेगळ्या ड्रायव्हरविना ओळखते, आणि इंटरनेट मिळते. एवढ्याने निम्मी लढाई सोपी होते.

त्यानंतर चिपची ओळख पटवावी. इथे लोक झाकणावरील कंपनीचे नाव शोधतात, आणि फसतात. एकाच नावाच्या, एकाच वर्षीच्या दोन लॅपटॉपांत वाय-फायची चिप वेगवेगळ्या कंपन्यांची असू शकते. धुळ्याच्या माणसाला हे पटकन कळेल. कॅप्टन ब्रिग्ज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आखलेल्या पेठेत पत्ता सांगताना गल्लीचा क्रमांक पुरतो. चौथी गल्ली, पाचवी गल्ली म्हटले की माणूस दारात पोहोचतो. लिनक्सही चिपला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. क्रमांकाचे दोन भाग असतात, पहिला कंपनीचा आणि दुसरा त्या विशिष्ट चिपचा. इंटेलचा क्रमांक ८०८६. १९७८ साली त्यांनी काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावच त्यांनी आपला घरक्रमांक करून टाकले. ब्रॉडकॉमचा १४ई४, रियलटेकचा १०ईसी, यांतील अक्षरे पडद्यावर अर्थातच रोमन दिसतात. हा क्रमांक पाहण्यासाठी टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय ही लहान रोमन अक्षरे सलग टंकावी, एक जागा सोडावी, मग उणे चिन्ह आणि त्याला लागून एन-एन-के. एंटर दाबले की यंत्रातील बहुतेक चिपांची यादी येते. नेटवर्कच्या ओळीखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे हेही लिहिलेले असते. ती ओळ कोरी असेल तर दुभाषी आलेलाच नाही.

ओळ भरलेली असूनही वाय-फाय बंद असेल तर तीन शक्यता उरतात. पहिली अगदी क्षुल्लक : कळफलकावरील विमानाची कळ चुकून दाबली गेलेली असते किंवा जुन्या लॅपटॉपच्या कडेची छोटी खिट्टी बंद असते. ‘आरएफकिल’ या आज्ञेपुढे ‘लिस्ट’ लिहिले की प्रणाली स्पष्ट सांगते, अडथळा खिट्टीचा आहे की मांडणीचा.

दुसरी शक्यता फर्मवेअरची. दुभाषी दारात आलेला असतो, पण चिपला जागे करणारा छोटा मजकूर, जो चिपमध्येच चढवावा लागतो, तो सापडत नाही. हा मजकूर कंपन्यांच्या मालकीचा असतो आणि तो वाटावा की नाही यावर मुक्त प्रणालीवाल्यांत वर्षानुवर्षे वाद चालला. मूळ मजकूर खुला नाही असे काहीही बसवणीच्या प्रतीत नको, अशी डेबियनची ताठ भूमिका होती. व्रत पाळावे इतकी ती निष्ठा, पण तिच्यापायी नवख्या माणसाच्या हाती मुका लॅपटॉप येई. अखेर २०२२ साली सदस्यांनी मतदान करून मार्ग काढला आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून हे फर्मवेअर अधिकृत प्रतीतच मिळू लागले. म्हणून कोणी चार-पाच वर्षांपूर्वीची जुनी डेबियनची प्रत देऊ केली तर ती नाकारावी. बहुतेक रोग केवळ नवी प्रत घेतल्याने बरे होतात. रियलटेकच्या अनेक चिपांचे ड्रायव्हरही नव्या कर्नेलमध्ये आता सोबतच येतात.

तिसरी शक्यता सर्वांत छळणारी. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांना कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’, मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून, फोनच्या इंटरनेटवर, तो दोन टिचक्यांत बसतो. पण यंत्रात सिक्युअर बूट सुरू असेल तर बसवताना एक परवलीचा शब्द ठरवायला सांगितले जाते आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना एक निळा पडदा येतो. घरातील माणूस निळा पडदा पाहून घाबरतो, एंटर दाबून पुढे जातो, आणि ड्रायव्हर कायम दाराबाहेर राहतो. त्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ हा पर्याय निवडून तोच परवलीचा शब्द द्यायचा असतो. सही नसलेल्या कागदावर पेढी पैसे देत नाही; तसे सिक्युअर बूट सही नसलेल्या ड्रायव्हरला आत घेत नाही. निळा पडदा म्हणजे त्या सहीची नोंद करण्याची जागा.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते सुरू असताना विंडोज बंद केल्यासारखे दिसते, पण पुरते बंद होत नाही. डिस्कचे भाग अर्धवट कुलूपबंद राहतात आणि कधी कधी वाय-फायची चिपही त्याच गुंगीत राहते. आणि बसवताना डिस्कच दिसत नसेल तर बायॉसमध्ये साठवणीची मांडणी इंटेलच्या ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ पद्धतीवर असण्याचा संभव असतो. ती ‘एएचसीआय’ केल्यावर डिस्क दिसते, मात्र पूर्वतयारी न करता बदलल्यास आधीची विंडोज सुरू होत नाही. वर सांगितलेल्या किल्लीची आणि प्रतीची आठवण इथे यावी.

ध्वनीच्या जागी ‘डमी आउटपुट’ असे दिसले तर इंटेलच्या नव्या ध्वनी-चिपांसाठीचे ‘सॉफ’ नावाचे फर्मवेअर बहुधा राहिलेले असते. सुरू होतानाच पडदा काळा राहिला तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर संशय घ्यावा; सुरुवातीच्या यादीत उबुंटूचा ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा मिंटचा ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडून आत शिरावे आणि मग योग्य ड्रायव्हर बसवावा. या कंपनीच्या अबोल्यावर टोरवाल्ड्स २०१२ साली फिनलंडमधील एका जाहीर सभेत इतके चिडले होते की त्यांचे शब्द या पानावर छापण्याजोगे नाहीत. दहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलशी जोडणारा भाग खुला केला. तो तुलनेने नव्या कार्डांपुरता आहे. झाकण मिटल्यावर यंत्र नीट झोपत नसेल तर त्यामागे फार वेळ दवडू नये, काम झाले की ते सरळ बंद करावे. बॅटरीही वाचते.

प्रिंटरची गोष्ट निराळी. खानदेशातील दुकानांत, सीएंच्या कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या टपऱ्यांवर कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे दोन छोटे लेझर प्रिंटर वर्षानुवर्षे राबत आहेत. दोन्ही लिनक्सला अवघड जातात, आणि दोन्हींची कारणे वेगळी. १०२० च्या स्वतःच्या स्मृतीत फर्मवेअर राहत नाही. प्रत्येक वेळी वीज दिली की संगणकाने ते पुन्हा चढवावे लागते. त्यासाठी एचपीच्या ‘एचप्लिप’ या मुक्त संचासोबत एक बंदिस्त जोड घ्यावी लागते. ती घेतली की प्रिंटर गुमान चालतो. २९०० कॅननची स्वतःची ‘कॅप्ट’ बोली बोलतो. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुन्या ३२-बिट भागांवर विसंबलेला असल्याने नव्या प्रणालीवर तो बसवणे कष्टाचे ठरते. रोज शेकडो बिले छापणाऱ्या दुकानाने या एका प्रिंटरसाठी एक विंडोज यंत्र राखून ठेवावे, हेच शहाणपणाचे. अलीकडचे नेटवर्कवर चालणारे प्रिंटर मात्र बहुधा कोणत्याही ड्रायव्हरविना लिनक्सला सापडतात.

दुकानाचाच विषय निघाला म्हणून : टॅलीवर हिशेब असलेल्या पेढीने मुख्य यंत्रावर लिनक्स बसवण्याच्या फंदात पडू नये. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, आणि आडवाटेने ती लिनक्सवर चालवून दाखवणारे तरुण मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फोन उचलतीलच असे नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बिलाचा बारकोड वाचणारे यंत्र, जुन्या देवनागरी फाँटांत टंकलेला मजकूर यांचीही आधी स्वतंत्र तपासणी हवी. लिनक्सची खरी जागा घरच्या दुसऱ्या लॅपटॉपवर आहे. बारावीच्या मुलीचा अभ्यास, आजीची ऑनलाइन प्रवचने, पत्रव्यवहार, पाठशाळेतील सादरीकरण यासाठी नऊ-दहा वर्षांचे यंत्र पुरते. त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवावी. एवढ्या एका खर्चाने यंत्राचा वेग जितका वाढतो तितका दुसऱ्या कशाने वाढत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोगाचे परिमाण ठरवण्याचे एक व्रत आहे. त्यातील मर्यादा कपाटातल्या तीन बंद लॅपटॉपांनाही लागू पडते.

समाजात विद्यार्थ्यांना जुने लॅपटॉप देण्याची चांगली प्रथा आता रुजते आहे. तिच्यात एक खोच आहे. दिलेले यंत्र विद्यार्थ्याच्या वसतिगृहात वाय-फाय पकडत नसेल तर त्याला ते दुरुस्तीच्या दुकानात न्यावे लागते, आणि ज्याला लॅपटॉप घेणे परवडत नाही त्याच्यावर दुरुस्तीचा भार पडतो. तो तक्रारही करत नाही, कारण दानाच्या वस्तूबद्दल बोलणे त्याला प्रशस्त वाटत नाही. म्हणून देण्यापूर्वी जुना मजकूर पुरता पुसून, नवी प्रणाली बसवून, वाय-फाय, ध्वनी, कॅमेरा आणि बॅटरी तपासून घ्यावी. यंत्राच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवावी : प्रणालीचे नाव आणि आवृत्ती, वाय-फाय चिपचा क्रमांक, कोणता जादा ड्रायव्हर बसवला, सिक्युअर बूट सुरू की बंद, पंखा कधी साफ केला, आणि कोणती गोष्ट चालत नाही. पोथीच्या पुष्पिकेइतकीच लहान चिठ्ठी. पण सहा महिन्यांनी अद्ययावतीकरणानंतर वाय-फाय पुन्हा अडले, तर दुरुस्त करणाऱ्याचा निम्मा वेळ ती वाचवते.

जे यंत्र खरोखरच संपले, त्यातील डिस्क आधी काढून घ्यावी. इ-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून लॅपटॉप हातगाडीवरच्या भंगारात न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे किंवा कंपनीच्या परतावा-व्यवस्थेकडे द्यावा. चार्जर मात्र ठेवून घ्यावा. त्याच कंपनीचा दुसरा लॅपटॉप घरात असेल आणि पिन, व्होल्टेज व वॅट जुळत असतील, तर तो चार्जर अजून पाच वर्षे कामी येतो.